अनामत कुणाची?

आमच्या हनुमाननगरच्या घराला गच्चीवर एक खोली आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून ती रिकामी पडून होती. आत कूलरचा सांगाडा, जुनी पुस्तकं आणि सासूबाईंच्या लोणच्याच्या दोन बरण्या, एवढंच काय ते सामान. २०२२ च्या उन्हाळ्यात मी हट्टानं ती साफ करून घेतली, चुना मारून घेतला आणि कॉलेजच्या दोन मुलींना द्यायची ठरवली. भाडं ३,२०० रुपये, म्हणजे एकीला १,६००. यांच्या पेन्शनीशिवाय चार पैसे आपल्या हातानं घरात यावेत, एवढीच माझी हौस.

पहिली मुलगी वर्ध्याची. वडील बँकेत. त्यांनी खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, चहा घेतला आणि एका महिन्याचं डिपॉझिट, १,६०० रुपये, देऊन गेले. सगळं कसं अर्ध्या तासात आटोपलं.

दुसरी आली ऑगस्टच्या अखेरीला, सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातली. सोबत वडील नव्हते, गावच्या शाळेतले गुरुजी होते. मुलगी दाराशीच उभी, हातात तांदळाची पिशवी. गुरुजींनीच सगळं सांगितलं. सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही, आता स्वाधारचा अर्ज भरायचा आहे, त्यासाठी ती कुठं राहते याचा कागद लागेल.

स्वाधार म्हणजे काय, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना असं तिचं पूर्ण नाव. २०१६-१७ पासून राज्य सरकारनं ती सुरू केली. अनुसूचित जातीतल्या आणि नवबौद्ध मुलामुलींपैकी जे वसतिगृहाला पात्र आहेत पण ज्यांना तिथं जागा मिळत नाही, त्यांना बाहेर राहून शिकता यावं म्हणून सरकार पैसे देतं. नागपुरासाठी तेव्हा वर्षाचे ६०,००० रुपये होते: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि वरखर्चाचे ८,०००. मी लगेच मनात हिशेब केला. राहण्याचे २०,००० म्हणजे महिन्याला साधारण १,६६६. माझं भाडं १,६००. म्हटलं, अगदी चपखल बसतं की!

पण मैत्रिणींनो, त्या हिशेबात डिपॉझिट कुठंच नव्हतं. आणि पैसा दरमहा येत नाही, हप्त्यानं येतो. आधी अर्ज, मग कागद, मग हजेरी, आणि तोही मुलीच्या खात्यात. घरमालकाचा त्या खात्याशी काही संबंध नाही. सरकार भाडं देतं असं आपण म्हणतो, पण किल्ली हातात पडते ती डिपॉझिट मोजल्यावर, आणि ते मोजायला कुणी नसतं.

सासूबाईंनी आतूनच विचारलं, "काहून घेतेस गं सरकारी भाडेकरू?" त्यांचं वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या डोक्यात अजून जुना काळ आहे. नागपूर मध्यप्रांतात होतं तेव्हाचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश आपल्याकडे पुढं पन्नास वर्षं चालला. घर रिकामं झालं की कलेक्टर कचेरीत कळवावं लागे, आणि तिथून चिठ्ठी घेऊन सरकारी नोकर भाडेकरू म्हणून दारात उभा राहू शके. त्याला काढायचं तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी. ३१ मार्च २००० ला महाराष्ट्राचा नवा भाडे कायदा लागू झाला तेव्हा कुठं तो आदेश गेला. सासूबाईंच्या माहेरी असाच एक चिठ्ठीवाला बावीस वर्षं राहिला, त्यामुळे 'सरकार' आणि 'भाडेकरू' हे दोन शब्द एकत्र आले की त्यांना धडकी भरते.

पण खरं सांगायचं तर त्यांचं विचारणं तेवढ्यापुरतं नव्हतं. योजनेचं नाव घेतलं की मुलीची जात वेगळी सांगावी लागत नाही. शेजारच्या वहिनींनीही दुसऱ्या दिवशी "कुठली गं मुलगी?" म्हणून विचारलं. त्यांना गाव विचारायचं नव्हतं, हे मलाही कळलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आमच्याकडे असलं काही नसतं."

आणि तरीही यांनी जेव्हा गुरुजींना सांगितलं, "तीन महिन्यांचं डिपॉझिट लागेल, सरकारी पैशांचा काय भरवसा," तेव्हा मी गप्प बसले. एकाच खोलीतल्या दोन खाटा, एकीचं डिपॉझिट १,६०० आणि दुसरीचं ४,८००. गुरुजींनी काही न बोलता खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि नोटा मोजल्या. मी किराण्याच्या वहीत 'डिपॉझिट ४,८००' असं लिहून ठेवलं. कुणाचं ते लिहिलं नाही. पावती तर दिलीच नाही. ते पैसे मी लुगड्याखाली ठेवले होते, आणि पुढच्याच महिन्यात पाण्याची मोटर जळाली तेव्हा त्यातूनच तिचं वायंडिंग करून घेतलं. घरच्या पैशात ते कधी मिसळले, कळलंही नाही.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरचं भाडं तिनं वेळेवर दिलं. बाप मजुरी करून पाठवत होता. पुढं ते थांबलं. हप्ता यायचा होता. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन महिने ती जिन्यावरून खाली मान घालून जायची. स्वयंपाकघराच्या दारात यायची थांबली, आणि पूर्वी रोज यायची. कधी कणीक मळून द्यायची, कधी सासूबाईंच्या पायाला तेल लावायची. मला वाटायचं, परीक्षा असेल.

हे म्हणाले, "तीन महिन्यांचं डिपॉझिट अन् तीन महिन्यांचीच थकबाकी. वळतं करून घे, विषय संपला." मलाही ते पटलं. मी वर गेले आणि मोठ्या मायेनं म्हटलं, "काही काळजी करू नकोस गं, तुझं भाडं फिटलं. डिपॉझिटमधून वळवलं मी." मला वाटलं, पोर हसेल. तर तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू, ते कसे वळवले तुम्ही?" एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली.

वर्ध्याचीनं मग सांगितलं. आधी हे सांगितलं की ते पैसे हिचे नाहीत, आणि मग जाता जाता, माझ्याकडे न बघता, "काकू, माझं डिपॉझिट १,६०० आणि हिचं ४,८०० का आहे?" मला उत्तर देता आलं नाही. खाली येऊन कुकर लावला, तो पाणी न घालता.

मी गुरुजींना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "बाई, ते पैसे पोरीचे नव्हते जी, अन् एकट्या माझेही नव्हते. गावातून दरसाली एखादं लेकरू शहरात जाते. तेच पैसे त्याच्या खोलीले लावतो आम्ही. खोली सुटली का परत येतात, मंग पुढच्याले. तुमी ते भाड्यात घातले, तर पुढच्या साली जो जाईल त्याले काय देऊ?" आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हणजे मी वळतं काय केलं? ज्या लेकराला मी पाहिलंही नाही, त्याच्या खोलीचे पैसे घेऊन या पोरीच्या डोक्यावर गावाचं कर्ज ठेवलं. भाडं देणारा एक, डिपॉझिट भरणारा दुसरा. दोघांचा पैसा एकमेकांत घालायचा अधिकार मला कुणी दिला होता? माझी एक भाची इंग्लंडात लीस्टरला असते. ती सांगत होती, तिथं घरमालकाला डिपॉझिट नुसतं आपल्या कपाटात ठेवून भागत नाही. २००७ पासून ते सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावं लागतं, आणि भाडेकरूच्या वतीनं दुसऱ्या कुणी पैसे भरले असतील तर त्यालाही तसा कागद द्यावा लागतो. कित्येक ठिकाणी तिथली नगरपालिका गरजू भाडेकरूसाठी रोख न देता हमीचा कागद देते. आपल्याकडे हमी म्हणजे गुरुजींचा रुमाल.

त्या महिन्यात माझी भिशी लागली. त्यातून ४,८०० बाजूला काढले. ३,२०० गुरुजींना परत पाठवले आणि १,६०० डिपॉझिट म्हणून ठेवले, वर्ध्याचीइतकेच. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अन् थकबाकी?" मी म्हटलं, "थकबाकी थकबाकीच आहे. हप्ता आला की देईल." एप्रिलात हप्ता आला. त्याच संध्याकाळी ती खाली आली आणि डिसेंबर ते एप्रिल, पाच महिन्यांचे ८,००० ओट्यावर ठेवले. दोनदा मोजायला लावले मला.

मग मी कागद नीट केले. चौकातल्या वकीलबाईंनी समजावलं की १९९९ च्या कायद्यानं करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. लेखी नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. वर दंड किंवा कैदही होऊ शकते. हातात येणाऱ्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी लागते. डिपॉझिट किती घ्यावं याला मात्र त्या कायद्यात आकडा नाही. केंद्रानं २०२१ मध्ये जो नमुना कायदा केला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण तो नमुना; राज्य स्वीकारेल तेव्हाच त्याला अर्थ. दोघी मुलींचा मिळून एकच करार केला. नोंदणीचे १,००० आणि मुद्रांकाचे थोडे, ते मीच भरले. चुकीचा दंड समजून भरले म्हणा हवं तर.

करारात एक ओळ मी मुद्दाम घालून घेतली. डिपॉझिट कुणी भरलं त्याचं नाव, खोली सुटल्यावर ते त्यालाच परत जाईल, आणि त्याला विचारल्याशिवाय भाड्यात वळतं होणार नाही. मोडतोड झाली तर काय, असं वकीलबाईंनी विचारलं. तेही लिहिलं: मोडतोडीचे मुलीकडून वेगळे. गावाच्या पैशातून नळ का दुरुस्त व्हावा? तुमच्या घरी एखादी मुलगी मामाच्या, संस्थेच्या किंवा सरकारच्या पैशावर राहायला आली, तर किल्ली देण्याआधी ही ओळ लिहून घ्या. नंतर ती लिहायला फार जड जाते, मी सांगते.

२०२५ च्या मे महिन्यात तिचं शिक्षण झालं. खोली धुऊनपुसून दिली. मोरीच्या नळाची चकती गेली होती, तिचे तीस रुपये तिनं आठवणीनं दिले. सासूबाईंनी तिची ओटी भरली, आणि वरून मलाच म्हणाल्या, "पायाले तेल कोण लावीन आता?"

मी गुरुजींना फोन केला की १,६०० पाठवते, खाते क्रमांक सांगा. ते म्हणाले, "राहू द्या बाई तिकडेच. जुलैत एक पोरगी येते नागपूरले, तुमची खोली रिकामीच आहे म्हणते ही. पावती माह्याच नावाची आहे, फक्त खालचं पोरीचं नाव तेवढं बदला."