झाडीपट्टीतली जंगल थीम

हल्ली वाढदिवसाला नुसता वाढदिवस असून भागत नाही, थीम लागते. आमच्या लहानपणी ओवाळणं, शेजारपाजारची मुलं, स्टीलच्या ताटलीत चिवडा, एक वडी आणि आलूबोंडा, की झाला वाढदिवस. आता माझ्या भाच्याच्या सहाव्या वाढदिवसाची तयारी महिनाभर आधी सुरू झाली. ताई भंडाऱ्याला असते. दिवाळीला मी तिच्याकडे गेले तेव्हा घरात फराळापेक्षा मोठा विषय एकच होता : 'जंगल थीम'च्या ताटल्या विकत आणायच्या की घरी काही करायचं?

तुम्ही म्हणाल, हा काय लिहायचा विषय झाला? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण त्या ताटल्यांनी चार दिवस आम्हाला असं काही फिरवलं, की म्हटलं लिहून ठेवावं.

तर आधी विकतच्या ताटल्या. ताईने मोबाईलवर एक सेट पसंत करून ठेवला होता. पंचवीस मुलांच्या ताटल्या, पेले, रुमाल, सगळं एकाच चित्राचं. दिसायला झकास. चित्रात मधोमध सिंह, बाजूला जिराफ, झेब्रा, हत्ती आणि दात काढून हसणारा पाणघोडा. भाच्याला दाखवलं. त्याने नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "यात जय कुठाय?"

ज्यांना जय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जय हा नागझिऱ्यात वाढलेला वाघ. २०१३ मध्ये तो तिथून निघाला, शेतं, रस्ते, नद्या ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोचला आणि तिथला राजा झाला. त्याला बघायला देशभरातून लोक यायचे. २०१६ च्या एप्रिलनंतर मात्र तो दिसलाच नाही. ही गोष्ट भाऊजी पोराला रोज रात्री सांगतात, आणि प्रत्येक वेळी शेवट थोडा बदलतात. त्यामुळे त्याच्या हिशोबी जंगल म्हणजे जयचं जंगल. त्यात सिंह कसा येणार?

आणि खरंच की! भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून आमच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. नावातच झाडी आहे. कोका अभयारण्य भंडाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पवनीच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, पलीकडे नवेगाव-नागझिरा, ज्याला २०१३ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. एवढं सगळं दाराशी असताना आम्ही पुठ्ठ्यावर छापलेलं आफ्रिकेचं जंगल कुरिअरने मागवणार होतो. त्या चित्रातला हत्ती तेवढा आपला म्हणता आला असता, कारण २०२२ च्या अखेरीस रानहत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यातही येऊन गेला :)

पण पोराची बाजूही सांगायला हवी. मित्राच्या वाढदिवसाला त्याने छापील ताटल्या पाहिल्या होत्या. त्या 'पार्टीच्या' ताटल्या. आपल्याकडे साध्या ताटल्या असल्या तर मित्र काय म्हणतील, ही त्याची काळजी खरी होती. सहा वर्षांच्या माणसाची अब्रू आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठी असते. ती हसण्यावारी नेऊ नये.

भाऊजींचा आक्षेप वेगळा. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आली. मग १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, चमचे, स्ट्रॉ बंद झाले, अगदी फुग्याच्या प्लॅस्टिकच्या काड्यासुद्धा. आणि चकचकीत कागदी ताटली दिसते कागदाची, पण रस्सा झिरपू नये म्हणून बऱ्याचदा तिच्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो ना धड कुजतो, ना कागद म्हणून रद्दीत जातो. अर्ध्या तासाच्या केकसाठी एवढं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मग ताईच्या सासूबाईंनी माळ्यावरची पितळेची ताटं काढायला सांगितली. भंडाऱ्याची ओळखच पितळेच्या भांड्यांची. तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं हे आम्ही शाळेत शिकायच्या आधी बाजारातल्या ठोक्यांवरून शिकलो. घरोघरी स्टील आलं आणि तो धंदा आटत गेला. ताटं निघाली चौदा. जड, सुंदर, काळवंडलेली. पण कल्हई उडालेली. पितळेला आंबट लागलं की धातू अन्नात उतरतो, म्हणून आतून कथलाचा मुलामा द्यावा लागतो. कल्हईवाला शोधा, ताटं चिंचेने घासा, आणि पंचवीस मुलांना चौदा ताटं पुरवा! ताटं परत माळ्यावर गेली.

माळ्याखालीच उभ्या राहून सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे ताटल्याईले? अन् परसाच्या पानाले का झाला?"

आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही, त्यामुळे पळसाचा परस होतो. आणि तो प्रश्न ऐकून सगळ्यांचे चेहरे उजळले. जंगल थीम आहे ना? मग जंगलातल्याच पानाचं ताट! पळसाला पाने तीनच ही म्हण आपण उगाच तोंडावर फेकतो, पण पत्रावळ करताना ती तीन पानं नीट बघावी लागतात. मधलं मोठं आणि गोलसर, बाजूची दोन जरा तिरकी. मोठं पान मधे ठेवायचं, भोवती बाकीची एकावर एक चढवत बारीक काडीने टाचत जायचं. झालेल्या पत्रावळी एकावर एक रचून वर वजन ठेवायचं, म्हणजे त्या सपाट बसतात. पानं वाळली असतील तर आधी पाणी शिंपडून मऊ करायची, नाहीतर काडी घालताच तडकतात.

ऐकायला सोपं. सासूबाईंचा हात बोलता बोलता फिरत होता. आम्हा दोघी बहिणींच्या मिळून तासाभरात सहा झाल्या, त्यातल्या दोन गळक्या. ताईची नोकरी, माझे सुट्टीचे चारच दिवस, आणि मुलं-मोठे धरून पानं लागणार होती साठ. इथे मला 'घरचं ते चांगलं' या वाक्याबद्दल जरा बोलावंसं वाटतं. घरचं म्हणजे कुणाच्या हातचं? बहुतेक घरांत त्याचं उत्तर एकच असतं, आणि ते उत्तर आधीच सकाळपासून स्वयंपाकघरात उभं असतं. सासूबाईंनी दोन रात्री बसून साठ पत्रावळी लावल्या असत्या आणि आम्ही सगळ्यांना कौतुकाने 'होममेड' म्हणून सांगितलं असतं. ते ताईला पटेना. मलाही.

मार्ग निघाला तो बाजाराच्या दिवशी. आसपासच्या खेड्यांतल्या बाया हाताने टाचलेल्या पत्रावळी आणि द्रोण विकायला आणतात. ते घरचंच, फक्त दुसऱ्याच्या घरचं, आणि त्या कष्टाचे पैसे त्यांच्या हातात जातात. मशीनवर दाबलेल्याही मिळतात, पण त्यांतल्या काहींना खालून प्लॅस्टिकचा कागद असतो, म्हणून उलटून बघून घ्याव्यात. आम्ही हाताच्या पन्नास घेतल्या. उरलेल्या आम्ही आणि भाऊजींनी मिळून लावायच्या ठरल्या. हो, भाऊजींनी पण! जयची गोष्ट सांगत सांगत त्यांनी चार लावल्या.

हे अंगणात चाललेलं असताना शेजारचे सर आले. निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्या नातीला बोलावणं होतं. त्यांनी पानांचा ढीग पाहिला, काय चाललंय ते विचारलं आणि जरा वेळ गप्पच बसले. मग शांतपणे म्हणाले, "माझे आजोबा धानाच्या कापणीला जायचे. दुपारी मालकाच्या घरच्यांना ओसरीवर पितळेची ताटं, आणि यांना कुंपणाबाहेर पळसाचं पान. भांडं विटाळायला नको म्हणून. जेवण झालं की पान स्वतः उचलून लांब टाकायचं. आमच्या घरी पहिल्यांदा स्टीलची ताटं आली ना, तेव्हा आईने ती कितीतरी दिवस वापरलीच नाहीत. येणाऱ्याला दिसतील अशी फळीवर मांडून ठेवली होती."

कुणाला काय बोलावं कळेना. आम्ही ज्या पानाकडे 'आपली परंपरा' म्हणून बघत होतो, ते पान त्यांच्या घरात असं पोचलं होतं. आणि माळ्यावर गेलेल्या त्या सुंदर पितळेच्या ताटांचाही या गोष्टीत वाटा होता. हा तोच जिल्हा, जिथून १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर लोकसभेसाठी उभे राहिले आणि पडले. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. सरांच्या घरी ती फळीवरच्या ताटांच्या रूपाने होती.

ताईने विचारलं, "सर, मग राहू देऊ का?"

सर हसले. म्हणाले, "छे छे. पानाचा काय दोष? करा की. फक्त सगळ्यांना पान वाढा. मोठ्यांसाठी म्हणून वेगळी ताटं बाजूला काढू नका."

आणि खरं सांगते, ती आमच्या यादीत होती! 'पाहुण्यांसाठी स्टील - १५' असं ताईच्या अक्षरात लिहिलेलं होतं. मोठ्या माणसांना खाली बसायला त्रास, पान सांभाळायला त्रास, एवढाच त्यामागचा विचार. ती ओळ खोडली. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी टेबल लावलं, पण टेबलावरही पानच.

राहता राहिली भाच्याची अब्रू. तिचा उपाय बटाट्याने केला. बटाटा अर्धा कापून वाघाच्या पावलाचा ठसा कोरला : खाली एक मोठी गादी, वर चार बोटं. नखं काढायची नाहीत, कारण वाघ चालताना नखं आत ओढून घेतो. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, वाघाच्या नाही. हे ज्ञान मिळाल्यावर पोरगा इतका खूष झाला की प्रत्येक मित्राला आल्या आल्या तेच सांगत सुटला. खाकी कागदाच्या लांब पट्ट्यांवर गेरूने त्याने आणि चुलतभावंडांनी ठसे उमटवले. एका टोकाला 'नागझिरा' लिहिलं, दुसऱ्या टोकाला 'कऱ्हांडला'. त्या पट्ट्या जमिनीवर अंथरून त्यांवर पानं मांडली. म्हणजे पंगतीतून जय चालत गेला होता.

वाढदिवस छान झाला. मसालेभात, सांबारवडी, द्रोणात रस्सा, आणि केक. केक विकतचा, मेणबत्त्या विकतच्या, पाणी स्टीलच्या पेल्यांत. सगळं घरचं करायचा हट्ट कुणीच धरला नाही. दोन द्रोण गळले, एका मुलीच्या फ्रॉकवर रस्सा सांडला. एका मित्राने "प्लेट कुठाय?" असं विचारलं, त्यावर भाचा म्हणाला, "वाघाच्या जंगलात प्लेट नसते." सर नातीच्या शेजारी खाली मांडी घालून बसले आणि त्यांनी भात मागून घेतला. जेवण झाल्यावर ते स्वतःचं पान उचलायला वाकले, तेव्हा भाऊजींनी ते त्यांच्या हातातून घेतलं. सरांनीही दिलं. त्यावर कुणीच काही बोललं नाही.

उष्ट्या पत्रावळींतल्या काड्या काढून टाकल्या आणि पानं परसातल्या खतखड्ड्यात गेली. ठशांच्या पट्ट्या मात्र भाच्याने फेकू दिल्या नाहीत, त्या त्याच्या खोलीत भिंतीवर लागल्या आहेत.

तर घरचं की विकतचं, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं झालंय : करणाऱ्याचे हात कुणाचे आहेत ते बघा, आणि वाढताना सगळ्यांना एकच मिळतंय ना ते बघा. एवढं जमलं तर ताटली कागदाची असो की पानाची, पोरांना केकशी मतलब.

असो. मुंबईच्या मामेबहिणीचा कालच फोन होता. तिच्या लेकीची थीम 'समुद्र' आहे. केळीची पानं कुठे स्वस्त मिळतील ते तिकडच्या मंडळींनी कळवावं.