नकाशावरचे चार मिलिमीटर

बारावीला आम्ही भूगोल घेतला तो काही आवडीने नव्हे. प्रात्यक्षिकाचे 20 गुण हमखास पडतात, असे वरच्या वर्गातल्या पोरांनी सांगितले होते. वस्तीतले आम्ही चौघे त्या वर्षी बारावीला होतो. चौघांत एकच पुस्तक, तेही जुने.

त्यात मानवी वस्तीचा धडा होता. वस्ती कुठे वसते? जिथे पाणी आहे, सुपीक जमीन आहे, पुरापासून बचावाला उंचवटा आहे. प्रकार किती? केंद्रित, विखुरलेली, रेषाकृती. घडाघडा पाठ केले. पण प्रात्यक्षिकाच्या वहीत आपल्याच गावाचा आराखडा काढायची वेळ आली आणि घोडे अडले. आमची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला. मोठा पाऊस झाला की पाणी पहिल्यांदा आमच्याच उंबऱ्याला लागते. जमीन मुरमाड, विहीर गावात. पुस्तकातले एकही कारण लागू पडेना. माणूस निसर्गाची सोय बघून राहतो म्हणे. मग आमच्या आज्या-पणज्यांनी काय गैरसोय बघून जागा निवडली?

उत्तर दुसऱ्याच धड्यात सापडले, वाऱ्यांच्या. नैऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून येतात. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत महारवाडा पूर्वेलाच दिसतो. म्हणजे वारा गावावरून आमच्याकडे येणार, आमच्यावरून गावाकडे जाणार नाही. ओढ्याचेही तेच. वर गावाचा पाणवठा, मधे जनावरांचा, सगळ्यात खाली आमचा. ज्यांनी हे गाव आखले त्यांना वारा आणि उतार दोन्ही पक्के ठाऊक होते. चांडाळांनी गावाबाहेर राहावे, एवढे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने सांगितले. बाहेर म्हणजे नेमके कुठे, ते गावोगावच्या भूगोलाने ठरवले.

आम्ही पावलांनी अंतर मोजले. गावाच्या वेशीपासून आमच्या पहिल्या घरापर्यंत सुमारे 200 मीटर. वर्गात जो स्थलनिर्देशक नकाशा शिकवला होता, त्याचे प्रमाण 1:50,000. म्हणजे 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. त्या हिशेबाने पिढ्यान्‌पिढ्यांचा बहिष्कार कागदावर भरतो 4 मिलिमीटर. वस्त्या सगळ्या लाल रंगात; गावही लाल, आम्हीही लाल.

आम्ही आराखड्यात ती मोकळी जागा दाखवली, वाऱ्याचा बाण काढला आणि कारण लिहिले. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "जात भूगोलात येत नाही, समाजशास्त्रात येते." आम्ही वाद घातला नाही. रात्री बसून नवा आराखडा काढला, त्यात अख्खे गाव एक केंद्रित वस्ती केले आणि गुण घेतले. इतक्या वर्षांनीही ते गुण घशात अडकतात.

पुढे आमच्यातले काही समाजशास्त्राकडे गेले, एम.ए. झाले. तिथे जात भेटली खरी, पण तिच्या पायाखालची जमीन गायब. उतार, पाणी, मातीचा पोत यांवर अवाक्षर नाही. भूगोलवाले जात समाजशास्त्राकडे ढकलतात, समाजशास्त्रवाले जमीन भूगोलाकडे. बाबासाहेबांनी ही वाटणी कधी मानली नाही. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या दलित वर्ग परिषदेने स्वतंत्र वसाहतींची मागणी केली आणि त्याच जुलैत ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्याच कारकिर्दीतली. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये पुन्हा स्वतंत्र वसाहतींची तरतूद. माणूस कुठे राहतो आणि पाणी कुणीकडे वाहते, हा त्यांच्या लेखी एकच प्रश्न होता.

2020 साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. चांगलेच झाले, आम्हाला ती नावे नकोच होती. पण पाटी बदलली म्हणून गटाराचा उतार बदलत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी जगातल्या नद्या पाठ करणाऱ्या आपल्या पोरांना विचारा, तुझ्या वस्तीचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते? बहुतेक गप्प होतात. आम्हीही होतोच.

गेल्या हिवाळ्यात विहारातल्या अभ्यासिकेत बारावीच्या सात मुलामुलींना घेऊन तोच आराखडा पुन्हा काढला. एकाचे वडील गवंडी आहेत. त्यांची लेव्हलची नळी आणली, पाणी भरले आणि गावठाणातल्या गटारापासून आमच्या शेवटच्या घरापर्यंत चढ-उतार मोजत गेलो. गावाचे अख्खे सांडपाणी आमच्या अंगणाच्या दिशेने काढले आहे, हे तोंडी तक्रारीत आम्ही कैकदा सांगितले होते. या वेळी ते सेंटिमीटरमध्ये लिहिलेले होते.

आराखडा ग्रामसभेत टेबलावर पसरला. बराच वेळ कुणी बोलेना. मग ग्रामसेवकांनी विचारले, "हा नकाशा काढला कुणी?"

मागून एक मुलगी उठली. म्हणाली, "आम्ही. बारावीचा भूगोल आहे, साहेब."

गटार वळवण्याचा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर घेतला आहे. त्या दिवशी नळी घेऊन आम्ही पुन्हा जाणार आहोत.