डावा हात राखून ठेवा

वॉर्डात नव्याने आलेल्या मुलींमध्ये एक चढाओढ चालते. उघड कोणी बोलत नाही, पण पहिल्याच टोचणीत इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची नळी, कोणाला लावता येते यावर सगळ्यांचं लक्ष असतं. जिला जमतं तिला रात्रपाळीत शेजारच्या वॉर्डातूनही हाक येते, ‘सिस्टर, जरा येता का, शीर मिळत नाहीये.’ या हाकेने मीही तरुणपणी खूश व्हायचे. पुढे परिसेविका झाले, शिकाऊ मुली हाताखाली आल्या, तसं माझं मत बदललं. शिरेत सुई घालणं हाताच्या सवयीने जमून जातं. कोणत्या शिरेला आज हात लावायचा नाही, हे ठरवायला डोकं लागतं. माणसाच्या हातावरच्या चांगल्या शिरा म्हणजे त्याची मोजकी ठेव असते आणि आपण ती त्याच्या वतीने खर्च करत असतो.

आधी एक गैरसमज काढते. ‘हातात सुई आहे’ म्हणून पेशंट दोन-दोन दिवस बोटंही हलवत नाहीत. आत सुई नसते. सुईवर प्लॅस्टिकची मऊ नळी चढवलेली असते. सुई तिला शिरेत पोचवते आणि बाहेर येते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा या भूलतज्ज्ञांनी १९५० च्या सुमारास अशी नळी वापरात आणली. त्याआधी पोलादी सुईच शिरेत ठेवायची आणि हात फळीला बांधायचा.

या नळीच्या आकड्यांचं गणित उलटं आहे. आकडा वाढला की नळी बारीक. १८ नंबरची हिरवी, २० ची गुलाबी, २२ ची निळी, २४ ची पिवळी. आतली त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून अपघाताचा पेशंट किंवा बाळंतपणात खूप रक्त गेलेली बाई आली, की हिरवी किंवा तिच्याहून जाड करडी, आणि तीही दोन्ही हातांना. पण दिवसातून दोनदा अँटिबायोटिक द्यायचं असेल तर निळी पुरते. टपोरी शीर दिसली की मुलींना हिरवी घालायचा मोह होतो. जाड नळी शिरेतली जागा अडवते, बाजूने रक्त धड वाहत नाही, औषध पातळ न होता आतल्या अस्तराला लागतं आणि शीर सुजते.

शीर शोधायची ती बोटाने. दिसणारी शीर फसवते. आजींच्या हातावर ती ठसठशीत उठून दिसते आणि सुई टेकली की बाजूला पळते. तिथे अंगठ्याने कातडी खाली ताणून धरावी लागते. बोटाखाली शीर दबते आणि पुन्हा वर येते. ठोके लागले तर ती धमनी, बोटं हलवल्यावर सरकली तर स्नायूची दोरी. टर्निकेट एवढंच घट्ट, की मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे, आणि मिनिटभरात सोडायचं. हातावर चापट्या मारून शीर फुगवायची पद्धत मला अजिबात पसंत नाही. दुखलं की शीर आखडते. हात खाटेखाली लोंबता सोडावा, कोमट फडक्याने शेकावा.

शिरेवर मध्येच गाठीसारखा फुगवटा लागतो, ती झडप. विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या ग्रंथात दंडाला पट्टी बांधलेल्या हाताची चित्रं छापली, त्यांत हेच फुगवटे दाखवले आहेत. रक्त शिरांतून हृदयाकडेच जातं, हे त्यांनी बोटाने शीर दाबून सिद्ध केलं. मी मुलींना तो प्रयोग स्वतःच्या हातावर करायला लावते. झडपेवर सुई गेली तर नळी पुढे सरकत नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवात खालून करायची, वर सरकत जायचं. कोपराची शीर पहिल्यांदाच फोडली, तर नंतर त्याच शिरेला खाली नळी घातल्यावर औषध वरच्या भोकातून बाहेर झिरपू शकतं. शिवाय कोपर वाकतं. ती शीर रक्त काढायला आणि जिवावरच्या प्रसंगाला ठेवावी. आमच्याकडे कोकणात घोणस किंवा फुरसं चावलेला माणूस आला की रक्त गोठण्याचाच भरवसा नसतो. चुकलेली प्रत्येक टोचणी वाहत राहते. अशा वेळी सर्वांत सरावलेल्या हातानेच सुई धरावी. एरवीही दोनदा जमलं नाही की दुसरीला बोलवावं. यात कमीपणा नाही, पण रात्री सगळ्या वॉर्डाला एकटीच सिस्टर असली तर बोलवायचं कोणाला, हे मलाही सांगता येत नाही.

सर्वांत जास्त जपावं लागतं ते किडनीच्या पेशंटला. मधुमेह जुना, क्रिएटिनिन चढत चाललेलं, पायावर सूज. आज तो तापासाठी दाखल झालाय, पण पुढे कधीतरी त्याला डायलिसिस लागणार आहे. त्यासाठी मनगटाजवळची धमनी आणि शीर जोडून फिस्चुला करतात. न्यूयॉर्कच्या ब्रेसिया आणि चिमिनो या डॉक्टरांच्या गटाने १९६६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यात लागणारी शीर मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला असते. सरळ, जाड, न पळणारी, म्हणजे आमची सगळ्यांची लाडकी. तिथे चार वेळा नळ्या घातल्या की ती आतून आकसते आणि सर्जनला जोडायला काही उरत नाही. म्हणून अशा पेशंटच्या केसपेपरवर मी मोठ्या अक्षरांत लिहिते : ‘डावा हात राखून ठेवा.’ डावखुरा असेल तर उजवा. नळी लागलीच तर दुसऱ्या हाताच्या मागच्या बाजूला. फिस्चुला झालेल्या हाताला तर बीपीचा पट्टाही बांधायचा नाही. नातेवाइकांनीही हे पाठ करावं आणि नव्या सिस्टरला बेधडक सांगावं. चांगली सिस्टर रागावणार नाही.

नळी लागली म्हणजे काम संपलं असं नाही. पूर्वी तीन-चार दिवस झाले की ती काढून नवी घालायची पद्धत होती. ऑस्ट्रेलियात झालेल्या मोठ्या अभ्यासात, जो २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, गरज पडेल तेव्हाच बदलली तरी शिरेची सूज वाढत नाही असं दिसलं. एक टोचणी वाचते, पण त्यासाठी दर पाळीत जागा बघावी लागते : लाली, सूज, दुखणं. ‘सिस्टर, झोंबतंय’ म्हटलं की आधी सलाईन बंद, मग चौकशी. थेंब पडतायत म्हणजे नळी शिरेतच आहे असं नाही. नॉरॲड्रिनलीन, कॅल्शियम, केमोची काही औषधं बाहेर झिरपली तर मांस सडतं.

आणि ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका’ म्हणणारे काका! पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, चहाचे पाच-सहा चमचे. तोंडाने खाता-पिता येतंय त्याने शीर कशाला फोडून घ्यावी? १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं आणि तीस टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. काकांना मी हे सांगते. ते ऐकतात आणि शेजारच्या खासगी दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतात.

शेवटचं औषध झालं की नळी त्याच पाळीत काढावी, ‘असू दे, लागली तर’ म्हणून ठेवू नये. काढल्यावर तिचं टोक शाबूत आहे ना ते बघायचं. कोरडा गॉज दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा, चोळायचा नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी थोडा वेळ. घरी गेल्यावर शीर दोरीसारखी कडक लागली तर कोमट शेक द्यावा, ती काही आठवड्यांत मऊ होते. पण लाली वर चढत गेली, पू आला किंवा थंडी वाजून ताप भरला, तर ओपीडीच्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी परत यावं.