आईचा ल, आईचा श

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला ई-रीडर आणून दिला. चार दिवसांनी बघतो तर उशाशी तसाच पडलेला. विचारलं तर म्हणाली, "अरे, मराठीच आहे ना हे? वाचताना सारखं हिंदीत गेल्यासारखं वाटतं. आणि अक्षर अजून बारीकच आहे."

मी हसलो. मग नीट बघितलं. ल दांड्याचा, श हिंदीतला. आकाराची पट्टी शेवटपर्यंत ओढलेली.

मग त्यावर केओरीडर हे मोफत, मुक्तस्रोत ॲप टाकलं. नोटो सान्स देवनागरी त्याच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवला. या ॲपच्या सगळ्या आवडीनिवडी 'सेटिंग्ज डॉट रीडर डॉट लुआ' नावाच्या एका साध्या फाइलमध्ये असतात. (मेन्यूतूनही होतं, पण मला फाइल बरी वाटते.) केबल लावली, फॉन्टचं नाव आणि आकडा बदलला, सेव्ह केलं. काही फरक नाही! पुन्हा केलं, तेच. शेवटी कळलं की ॲप बंद होताना जुनी सेटिंग परत त्याच फाइलवर लिहितं. म्हणजे आधी ॲप पूर्ण बंद, मग फाइलला हात. कुणी करणार असाल तर मूळ फाइलची कॉपीही काढून ठेवा.

अक्षर मोठं झालं. ल मात्र अजून हिंदीच.

दोष पुस्तकात निघाला. ईपब म्हणजे खरं तर झिप फाइल. उघडून पाहिली, तर प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर भाषा लिहिलेली: 'ईएन'. अख्खं पुस्तक मराठी आणि भाषा इंग्रजी! पाकळीचा ल आणि देठाचा श या फॉन्टमध्ये आहेत, पण भाषा 'एमआर' सांगितली तरच तो ते काढून देतो. सगळीकडे बदललं, झालं.

आता मला सांगा, राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली, त्यात हे ल-श आहेत. शाळेत पोरांना तेच गिरवायला लावतो. आणि ई-पुस्तक बनवणाऱ्यांना दोन रोमन अक्षरं टाइप करायचा कंटाळा? पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकाला कुलूप असेल तर ते आपल्याला दुरुस्तही करता येत नाही. आईची अशी तीन पुस्तकं तशीच पडून आहेत.

काल रात्री साडेअकराला तिच्या खोलीत दिवा चालू दिसला. डोकावलो तर मान वर न करता म्हणाली, "त्या तीन पुस्तकांचं कधी करतोस?"