चार इंच कापण्याआधी

चि. सोन्यास,


फोटो मिळाले. विंचेस्टर मॉडेल १२, बारा बोअर, नळी तीस इंच, आणि रिसीव्हरजवळ नळीवर ‘फुल’ असा ठसा. शेजारच्या आजोबांनी ती विश्वासाने तुझ्या हाती दिली याचा मला फार आनंद झाला. पण शेवटी तू सहज लिहून गेलास की बंदूक लांब वाटते, म्हणून चार इंच कापून घेणार आहेस. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझी तक्रार खोटी नाही. अण्णांची दुनळी तू लहानपणी पाहिलीस. ती मोडली की काडतुसं थेट नळीच्या मुळाशी बसायची. पंप बंदुकीत काडतूस पुढे-मागे सरकायला रिसीव्हरला जागा लागते, त्यामुळे नळी तेवढीच असली तरी बंदूक दुनळीपेक्षा तीन-चार इंच लांब होते. त्यात नळी तीस इंची. झुडपातून चालताना ती अडणारच.

तरीही कारखान्याने तीस इंच आणि फुल चोक, म्हणजे तोंडाशी घट्ट आवळलेली नळी, ही जोडी उगाच निवडली नव्हती. हीच बंदूक, तेव्हाची मॉडेल १९१२, पहिल्यांदा आली ती वीस बोअरमध्ये, पंचवीस इंची नळीची, हलकी आणि चपळ. बारा बोअर मागाहून आली, आणि तिचं गिऱ्हाईक होतं दलदलीकाठी बदकांची वाट पाहणारा माणूस. त्याला लांबचा मार हवा होता. काळ्या दारूच्या दिवसांत लांब नळीने वेग खरोखर वाढायचा, आणि ती समजूत धूर न करणारी दारू आल्यावरही लोकांच्या मनातून गेली नाही. आजच्या काडतुसातली दारू नळीच्या पहिल्या भागातच जळून जाते. पुढच्या प्रत्येक इंचामागे सेकंदाला पाच-दहा फूट वेग कमीजास्त होतो, तोही बाराशे-तेराशेंतून. नळी लांब असली की छर्रे एकत्र राहतात, हेही खरं नाही. लांबीचा उपयोग वेगळा आहे: वजन पुढे राहतं, उडत्या पक्ष्यामागे बंदूक एका लयीत फिरते, आणि बार झाल्यावरही हात थांबत नाही. उंचावरून आडव्या जाणाऱ्या बदकाला याच गोष्टीची गरज असते.

छर्रे आवळून धरायचं काम चोक करतो. आणि चोक असतो नळीच्या अगदी तोंडाशी, शेवटच्या दोन-तीन इंचांत. बारा बोअरचा आतला व्यास ०.७२९ इंच, फुल चोक तो ३५ ते ४० हजारांश इंचाने कमी करतो, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर. (इथे अमेरिकेत जुने लोक नळीच्या तोंडाशी दहा सेंटचं नाणं धरून बघतात. आत गेलं नाही तर फुल. ढोबळ परीक्षा आहे, पण नाण्याचा व्यास ०.७०५ इंच असल्याने बहुधा जमते.) तू चार इंच कापलेस तर हा भाग सगळा जाईल. उरेल ती सरळ नळी, ज्याला सिलिंडर म्हणतात. चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात फुल चोक सुमारे सत्तर टक्के छर्रे टाकतो, मॉडिफाइड साठ, इम्प्रूव्हड सिलिंडर पन्नास, आणि सरळ नळी चाळीसच्या आसपास. तुला लांबी कमी करायची होती, आणि त्यासोबत तू बंदुकीचा स्वभावच टोकापासून टोकाला नेला असतास.

दुनळीत ही अडचण येत नाही. उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली, आणि दोन घोडे. जवळच्यासाठी एक, दूरच्यासाठी दुसरा. पंपाला नळी एक आणि चोकही एकच, त्यामुळे निवड आधीच करून टाकावी लागते. मॉडेल १२ ची नळी उतरते, पण दुसऱ्या बंदुकीची आणून बसवली असं सहसा होत नाही. ती त्या त्या रिसीव्हरशी जुळवलेली असते, म्हणून नंबरही दोन्ही भागांवर मारतात. रेमिंग्टनची ८७० ही १९५० साली आली तेव्हा नळी बदलणं सोपं झालं. त्याआधी माणसाजवळ बंदूक एक आणि कामं अनेक. म्हणून तर त्या काळात कितीतरी चांगल्या नळ्या कापून त्यांच्या तोंडाला पॉली-चोक नाहीतर कट्स कॉम्पेन्सेटर बसवले गेले. पॉली-चोक फिरवून आवळता यायचा. त्या माणसांना मी नावं ठेवत नाही, त्यांना पर्याय नव्हता. तुला आहेत. आणि मॉडेल १२ आता बनत नाही; १९१२ पासून १९६४ पर्यंत वीस लाखांच्या जवळपास झाल्या, त्यांतल्या न कापलेल्या प्रत्येक वर्षी कमीच होत जाणार.

आता तुझी खरी अडचण. तू फेझंट मारायला जाणार, कुत्रा पुढे, पक्षी वीस-पंचवीस यार्डांवर उठणार. वीस यार्डांवर फुल चोकचा फैलाव साधारण सोळा इंच. इम्प्रूव्हड सिलिंडरचा सव्वीस. म्हणजे तुझा नेम जरा चुकला तर पक्षी जाईल, आणि बरोबर बसला तर मांसाचा चेंदामेंदा. त्यात एक भर आहे. ही बंदूक बनली तेव्हा काडतुसात नमद्याचे आणि पुठ्ठ्याचे वॉड, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधल्या चकत्या, असत. बाहेरचे छर्रे नळीला घासून चपटे व्हायचे आणि भरकटायचे. फुल चोक त्या काडतुसांचा हिशेब धरून आवळलेला आहे. साठच्या दशकात छर्रे धरणारा प्लॅस्टिकचा कप आला, छर्रे घासणं कमी झालं, आणि तीच जुनी नळी ठशावरल्यापेक्षाही घट्ट मारू लागली.

म्हणून करवतीऐवजी आधी काडतूस बदल. कपाशिवायची, साध्या वॉडची काडतुसं मिळतात. फैलाव वाढवण्यासाठी मुद्दाम भरलेलीही मिळतात. तेवढ्याने भागलं नाही तर चांगल्या कारागिराकडून चोक आतून घासून मोकळा करून घे, मॉडिफाइड किंवा त्याहून थोडा पुढे. लांबी तशीच राहील, तोल राहील. अर्थात घासलेलं पोलाद परत येत नाही, तेव्हा थोडं थोडं घासून मधे मधे कागदावर बार काढून पाहणारा माणूसच शोध.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नकोस. स्टीलचे छर्रे या नळीतून काढू नकोस. शिसं दबतं, पोलाद दबत नाही. जुन्या फुल चोकमधून ते गेलं की नळीच्या तोंडाशी कडं उमटतं, कधी नळी फुगते. बदकांसाठी इथे शिशाला १९९१ पासून देशभर बंदी आहे, आणि फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात फेझंटसाठीही शिसं चालत नाही. तिथे जायचं असेल तर बिस्मथ घे. महाग आहे, पण ते मऊ असतं आणि नळीला सोसतं.

येत्या रविवारी रेंजवर चाळीस इंची कागद टांग. चाळीस यार्डांवरून एक-एक बार काढ, सगळ्यांत दाट जागेभोवती तीस इंचांचं वर्तुळ काढ आणि भोकं मोज. सव्वा औंस सहा नंबरात साधारण २८० छर्रे असतात. त्यांतले १९६ आत आले तर ठसा खरा. मग तेच वीस यार्डांवरून कर. सगळे कागद माझ्याकडे पाठव, काडतुसाच्या पेटीचा फोटोही. आणि आजोबांना विचार, ते या बंदुकीत कुठली काडतुसं घालत आणि कशावर चालवत. त्यांच्याजवळ जुनी कागदी काडतुसं शिल्लक असतील तर ती वापरू नकोस, फक्त पेटीवरचा मजकूर उतरवून घे.

तुझी,
आत्या