नमुन्याची तबकडी

अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या दुकानांत दोन गोष्टी बहुधा धूळ खात पडलेल्या आढळतात. एक म्हणजे चार-पाच फूट लांबीचे लाकडी कपाट. त्याचे झाकण उचलले की आत तबकडी फिरवणारे यंत्र आणि रेडिओ दिसतो. दुसरी म्हणजे ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारलेली लोकगीतांची तबकडी. त्या कपाटाला तिकडे ‘स्टिरिओ कन्सोल’ म्हणत. त्याच जातकुळीतल्या यंत्राला आपल्याकडे ‘रेडिओग्राम’ हे नाव होते. तबकडीचा हेतू साधा होता. धान्याचा व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन दाखवतो, तशी एकेका गायकाची एकेक चीज एकत्र करून कंपन्या ती आकाशवाणी केंद्रांना आणि दुकानदारांना पाठवत.

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घ तबकडी बाजारात आणली, म्हणून हे शक्य झाले. पूर्वीच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचे एखादेच गाणे मावे. आता वीसेक मिनिटे मिळाली. १९५० मध्ये स्थापन झालेल्या ‘एलेक्ट्रा’ या लहानशा कंपनीने १९५४ मध्ये लोकगीतांची अशी नमुना तबकडी काढली.

१९५८ पासून स्टिरिओ तबकड्या विकल्या जाऊ लागल्या. त्यांच्या खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे ध्वनी कोरलेले असतात. कन्सोलचे दोन ध्वनिवर्धक मात्र एकाच पेटीच्या दोन टोकांना बसवलेले. त्यामुळे दोन बाजूंचा भास बेताचाच होई. अनेक कन्सोलांची सुई जड असे, तिने खाचा झिजत. जाणकार नाक मुरडत, आणि ते फारसे चुकतही नव्हते. परंतु घरातल्या माणसांना त्याचे काय! कपाटावर फुलदाणी आणि कुटुंबाची छायाचित्रे मांडलेली असत, आणि लाकडातून घुमून येणारा भरदार स्वर सगळ्या खोलीला पुरत असे.

संग्राहक नमुना तबकडीला सहसा कमी लेखतात. पण निरनिराळ्या गायकांची गाणी एकत्र बांधण्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण विलक्षण आहे. ते जाहिरातीसाठी काढलेल्या संकलनाचे नव्हे, हे खरे. हॅरी स्मिथ या संग्राहकाने जुन्या, विस्मृतीत गेलेल्या तबकड्यांतून ८४ ध्वनिमुद्रणे निवडली आणि १९५२ मध्ये ‘फोकवेज’ने ती सहा दीर्घ तबकड्यांवर प्रसिद्ध केली. कोणता गायक गोरा आणि कोणता काळा, हे स्मिथने टिपणांत कोठेही लिहिले नाही. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांत मिसिसिपी जॉन हर्ट या कृष्णवर्णी शेतमजुराची दोन गाणी होती. त्याने १९२८ मध्ये ध्वनिमुद्रण केले होते. तबकड्या फारशा खपल्या नाहीत आणि तो पुन्हा शेतावर गेला. संकलनातून नव्या पिढीने त्याचा आवाज ऐकला, पण माणूस कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९२८ च्याच दुसऱ्या एका गाण्यात त्याने अ‍ॅव्हलॉन या आपल्या गावाचे नाव घेतले होते. त्या धाग्यावरून टॉम हॉस्किन्स हा तरुण १९६३ मध्ये तेथे पोहोचला. हर्ट जिवंत होता, सत्तरीला आला होता आणि बोटे अजून तारांवर चालत होती. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो गायला. पुढे तीनच वर्षांनी, १९६६ मध्ये, तो वारला. परंतु ती तीन वर्षे त्याला श्रोत्यांसमोर मिळाली.

आज पुष्कळ कन्सोलांच्या पोटातले यंत्र काढून टाकून त्यांत बाटल्या किंवा पुस्तके ठेवतात. काही कारागीर मात्र सुकलेले कपॅसिटर बदलतात, कडक झालेले रबरी चाक नवे बसवतात आणि शिक्का मारलेली एखादी तबकडी लावून पाहतात. आधी नुसती खरखर ऐकू येते. मग गिटारची पहिली तार.