स्टेशनच्या पाटीवरचा समुद्र



नरडाणा किंवा दोंडाईचा स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभे असाल, तेव्हा पिवळ्या पाटीकडे जरा नीट पाहा. गावाच्या नावाजवळ बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मी चौथीच्या वर्गात विचारलं, "समुद्र कुणी पाहिलाय?" ३१ मुलांत दोन हात वर झाले. त्यातल्या एकाने तो सिनेमात पाहिला होता! म्हणजे ज्याच्यापासून आपल्या गावाची उंची मोजली, तोच आपल्या ओळखीचा नाही. पण मागच्या रांगेतून प्रश्न मात्र अगदी नेमका आला, "गुरुजी, समुद्रनं पानी तं वर-खाले व्हस, मंग मोजतस कथाईन?"

खरं आहे. भरती-ओहोटीमुळे पाणी एका जागी थांबतच नाही. आपली तापी ज्या खंबायतच्या आखातात जाऊन मिळते, तिथे भावनगरच्या बाजूला भरती आणि ओहोटी यांत सुमारे १० मीटरचा फरक पडतो. शाळेवर आणखी दोन मजले चढवले तर जेवढी उंची होईल, साधारण तेवढा. म्हणून बंदरांत यंत्रे बसवून पाण्याच्या उंचीची नोंद ठेवतात. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ सालापासून अशा नोंदी आहेत. अनेक बंदरांतल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढली, तिलाच आपण समुद्रसपाटी म्हणतो. तुम्ही चाचणीच्या गुणांची सरासरी काढता ना, तसंच.

समुद्राचा आणि आपला संबंध पाटीपुरताच असता, तर मी हे लिहायला बसलो नसतो. समुद्र म्हणजे कोकणातल्यांचा धडा, आपण तो परीक्षेपुरता पाठ करायचा, असं आपल्याकडे धरून चालतात. मला ते पटत नाही. २०२३ सालचा ऑगस्ट आठवा. कपाशी गुडघ्याएवढी होऊन माना टाकून उभी होती. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरात शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपला शिंदखेडा होता, शेजारचा नंदुरबार होता आणि जळगावकडचा चाळीसगावही होता. त्या वर्षी वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर कामाला गेली, ती उन्हाळा लागल्यावर परत दिसली.

त्या वर्षी पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं. याला 'एल निनो' म्हणतात. हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या कोळ्यांनी दिलेलं आहे. असं झालं की आपला मोसमी पाऊस पुष्कळदा कमजोर पडतो. दरवेळी पडतोच असं नाही, पण धोका वाढतो. कुठला पेरू आणि कुठली आपली कपाशी!

आता समुद्रावरून वारा मुळात येतोच कसा, ते आम्ही अंगणात करून पाहिलं. दोन सारख्या थाळ्या घेतल्या. एकीत शेतातली काळी माती, दुसरीत पाणी. सकाळी दोन्ही उन्हात ठेवल्या. थर्मामीटर एकच, तोही फुटका, म्हणून हातानेच पाहिलं. भर दुपारी मातीचा चटका बसला, पाणी नुसतं कोमट. संध्याकाळी माती आधी गार झाली, पाण्यात ऊब राहिली. उन्हाळ्यात आपली जमीन अशीच तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची दमट हवा धावते. बरीचशी ओल सह्याद्रीच अडवून घेतो. उरलेलं आपल्या वाट्याला. पुस्तकातले खारे वारे, मतलई वारे याच थाळ्यांतले, बरं का!

समुद्राचा अभ्यास करणारी मोठी संस्था गोव्याला आहे. १९६२ ते १९६५ या काळात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. त्यानंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली. तिच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्राच्या तळातून बटाट्यासारखे धातूचे गोळे वर काढले. मुलांना हे गोळे फार आवडले. खिशात मावतील का, असंही एकाने विचारलं.

राहिलं मीठ. नद्या खडकांतले क्षार थोडे थोडे विरघळवून नेतात. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. असं कोट्यवधी वर्षं चाललं आहे. त्यामुळे एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली तापी मुलताईपासून ७२४ किलोमीटर चालत जाऊन त्यात भर घालते.

तुमच्यापैकी पुष्कळांचे मामा-काका सुरतेला कामाला आहेत. सुट्टीत गेलात तर त्यांना डुमसला न्यायला सांगा. पाण्यात एकट्याने उतरू नका. येताना लिटरभर पाणी बाटलीत आणा. फडक्यातून गाळून आपण ते थाळीत वाळवू आणि किराणा दुकानातल्या काट्यावर मीठ तोलू. ३५ ग्रॅमपेक्षा कमी भरलं, तर तापी जवळच मिळते हे ध्यानात घेऊन कारण शोधा आणि याच फळ्यावर लावा.